खडूच्या नद्या : जमिनीखालचं पाणी उघड्यावर वाहतं तेव्हा

(हे भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेली अडखळण काढली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात आपण काळ्या दगडाबद्दल बोललो, म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसाल्टबद्दल. शेजारच्याच्या बोअरला पाणी लागतं आणि आपल्या बोअरला फक्त धूळ, असं का होतं, ते बघितलं. त्यावर रेडिंगहून एका ताईंची मेल आली. रेडिंग म्हणजे लंडनच्या पश्चिमेला, जिथे आपली आयटीची मंडळी बरीच आहेत. ताई विचारतात, ‘इकडे किटलीत आठवड्याभरात पांढरा थर बसतो. व्हिनेगर घालून उकळलं की जातो, पुन्हा बसतो. पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतं. हा दगड येतो कुठून?’

प्रश्न किटलीचा आहे, पण उत्तर द्यायचं तर आख्खा भाग लागेल. कारण त्या किटलीत जे बसतं ना, तोच दगड विरघळून जगातल्या अगदी मोजक्या नद्यांमधून वाहतो. इंग्रजीत त्यांना ‘चॉक स्ट्रीम’ म्हणतात. मी आज ‘खडूच्या नद्या’ म्हणणार आहे. किती आहेत? कशाला नदी म्हणायचं आणि कशाला ओढा, यावर आकडा बदलतो, पण साधारण दोनशे ते तीनशे. आणि त्यातल्या ८० ते ८५ टक्के एकट्या इंग्लंडमध्ये. उरलेल्या बहुतेक उत्तर फ्रान्समध्ये, थोड्या डेन्मार्कमध्ये. बस्स. हिमालयात नाहीत, ॲमेझॉनमध्ये नाहीत. आणि ज्या देशात त्या आहेत, त्याच देशाचे नळ त्यांना कोरडं पाडतायत. त्यामुळे विषय नुसता निसर्गसौंदर्याचा नाही.

आधी दगड. खडू म्हटलं की आपल्याला शाळेतला फळा आठवतो. गंमत म्हणजे शाळेतला खडू हल्ली बहुतेक जिप्समचा असतो, तो हा नव्हे. हा खरा खडू म्हणजे एक मऊ, पांढराशुभ्र चुनखडक. साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी युरोपचा मोठा भाग उबदार समुद्राखाली होता. त्या पाण्यात सूक्ष्म शैवालं तरंगायची आणि त्यांच्या अंगावर चुन्याच्या चकत्यांचं चिलखत असायचं. शैवाल मेलं की चकत्या तळाशी. एक चकती मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची. अशा चकत्यांचा पाऊस कोट्यवधी वर्षं पडत राहिला आणि शेकडो मीटर जाडीचा थर तयार झाला. डोव्हरचे पांढरे कडे फोटोत पाहिले असतील, तो हाच थर. इंग्लंडमध्ये तो नैर्ऋत्येच्या डॉर्सेटपासून ईशान्येच्या यॉर्कशायरपर्यंत तिरपा पसरला आहे. तो थर संपता संपता आपल्याकडे लाव्हा ओतायला लागला होता. तिकडे पांढरा दगड, इकडे काळा.

आता हा दगड पाणी कसं धरतो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

खडूच्या आकारमानाचा ३० ते ४० टक्के भाग पोकळ असतो. ऐकून वाटेल की व्वा, स्पंज! पण ती छिद्रं इतकी बारीक असतात, की त्यातलं बहुतेक पाणी दगड सोडतच नाही. ओल्या विटेसारखं धरून ठेवतो. पटकन वाहतं ते भेगांमधलं पाणी. मग आपल्या बेसाल्टपेक्षा वेगळं काय? आपल्याकडेही भेगाच आहेत की. फरक असा, की आपल्याकडे लाव्ह्याचे थरावर थर आहेत. एखादा थर झिजलेला, एखादा भेगाळलेला, मध्ये एखादा गच्च. त्यामुळे पाणी तुकड्या-तुकड्यांत, कप्प्यांत अडकतं. खडूचा थर अखंड आहे, प्रचंड आहे, आणि त्यातल्या भेगा एकमेकींना जोडलेल्या आहेत. डोंगरावर मुरलेलं पाणी मैलोन्‌मैल आतून सरकत जातं आणि दरीत, जिथे भूजलाची पातळी जमिनीला टेकते, तिथे झरा होऊन वर येतं.

लंडनच्या आसपास वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पुण्याच्याही खाली. त्यातही उन्हाळ्यात पडलेला पाऊस झाडं पितात, उरलेला हवेत उडून जातो. खाली मुरतो तो साधारण ऑक्टोबर ते मार्चमधला, झाडं झोपलेली असतात तेव्हाचा. म्हणजे नदीचं वर्षाचं उत्पन्न सहा महिन्यांत जमा होतं आणि खर्च बारा महिने चालतो. पाऊस सगळ्यात जास्त असताना नदी भरत नाही. ती भरते हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, आणि सगळ्यात बारीक होते शरदात, पुन्हा मुरणं सुरू व्हायच्या आधी.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे बफर म्हणून दिसतं. वरून डेटा धसमुसळेपणाने येतोय, खाली संथपणे एकसारखा जातोय. टेस्ट आणि इचेन या हॅम्पशायरमधल्या दोन प्रसिद्ध नद्या आहेत. त्यांच्या प्रवाहातलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी जमिनीखालून आलेलं असतं. पावसाचं पाणी उतारावरून थेट घरंगळत नदीत आलं, असं तिथे फारसं होतच नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि तासाभरात भिडे पूल बुडाला, हे चित्र डोक्यात असणाऱ्या आपल्या माणसाला ती नदी पहिल्यांदा थोडी कंटाळवाणीच वाटेल. काठापर्यंत भरलेली, आवाज न करता चाललेली, आणि आज जशी आहे तशीच पुढच्या आठवड्यात. पण हाच कंटाळा तिथल्या जीवांचं भांडवल आहे.

बघा, झऱ्यातून येणारं पाणी वर्षभर १० ते ११ अंशांवर असतं. बाहेर बर्फ पडतोय, तरी पाणी १० अंश. थंडीच्या सकाळी नदीवर वाफ दिसते. बाहेर ऊन तापलंय, तरी उगमाजवळ तेच. दुसरं, पाणी गाळून आलेलं. दगडातून इतका प्रवास झाल्यावर त्यात माती उरत नाही, त्यामुळे तळ स्वच्छ दिसतो आणि ऊन तळापर्यंत पोचतं. तिसरं, चुना. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आंबट होतं आणि खडू विरघळवतं. आपण किटलीत ते उकळतो तेव्हा हीच रासायनिक क्रिया उलटी फिरते. वायू उडून जातो, चुना बाहेर पडतो. तर ताई, तुमच्या किटलीत जे बसतं ते त्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शैवालाचं चिलखत. नदीत मात्र हाच चुना कामाचा. गोगलगायींचे शंख, छोट्या कोळंबीसारख्या जीवांची कवचं यातूनच बनतात, आणि त्यांच्यावर मासे पोसले जातात.

थंडी-ऊन नाही, पूर नाही, पाणी स्वच्छ, ऊन तळापर्यंत, आणि खायला भरपूर. अशा घरात कोण राहतं?

सुरुवात वनस्पतीपासून करतो, कारण माझ्या मते या नदीची खरी नायिका तीच आहे. वॉटर क्रोफुट नावाची पाणवनस्पती. पाण्याखाली लांबच लांब हिरव्या केसांच्या बटा, आणि मे-जूनमध्ये पाण्यावर पांढरी पिवळ्या मध्याची फुलं, नदीभर सडा घातल्यासारखी. दिसायला सुंदर आहेच, पण तिचं काम बघा. उन्हाळ्यात झरे मंदावतात, नदीत पाणी कमी यायला लागतं. नेमकी तेव्हाच ही वनस्पती सगळ्यात दाट झालेली असते. तिच्या बटा प्रवाहाला अडवतात, त्यामुळे पाणी कमी असूनही नदीची पातळी टिकून राहते. आणि बटांच्या मधल्या वाटांतून पाणी जोरात जातं, म्हणून तिथला तळ धुतला जातो, गोटे स्वच्छ राहतात. एकाच नदीत संथ पाणी आणि वेगवान पाणी हातभर अंतरावर मिळतं. ज्याला जे हवं त्याने ते घ्यावं. फार दाट झाली तर माणसं ती कापतात. टेस्ट-इचेनवर कापणीच्या तारखा आधी ठरवलेल्या असतात, कारण वरच्याने कापलेलं सगळं वाहत खालच्याच्या दारात येतं.

तळाशी गोटे आहेत ते गारगोटीचे. खडूच्या थरांत मधूनमधून गारगोटीच्या गाठी असतात. हिमयुगात इथली जमीन गोठलेली होती, पाणी मुरायला जागा नव्हती, तेव्हा वितळणाऱ्या बर्फाच्या लोंढ्यांनी या दऱ्या कोरल्या आणि गारगोटीची खडी तळाला आणून टाकली. आजच्या नदीत असा तळ नव्याने बनवण्याची ताकद नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

या खडीत ट्राउट आणि सॅमन हिवाळ्यात अंडी घालतात. मादी शेपटीने खळगा करते, अंडी टाकते, वर खडी लोटते. खडीच्या फटींतून ताजं पाणी वाहत राहिलं तर पिल्लं जगतात, गाळ बसला तर आतल्या आत गुदमरतात. या नद्यांमधले सॅमन मासे इतर ब्रिटिश सॅमनपेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले आहेत. ते अटलांटिकमध्ये जाऊन वाढतात आणि परत याच नद्यांत येतात. म्हणजे ते संपले तर स्कॉटलंडचे आणून सोडले, इतकं सोपं काम नाही ते.

मग मेफ्लाय. ही माशी एक-दोन वर्षं तळाच्या गाळात अळीच्या रूपात काढते आणि मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत हजारोंनी एकदम वर येते. पंख फुटलेल्या माशीला काही खाताच येत नाही. एखाद-दोन दिवसांचं आयुष्य, त्यात उडायचं, जोडी जमवायची, पाण्यावर अंडी टाकायची, संपलं. आपल्याकडे पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा येतो ना, तसा देखावा, फक्त किडा वेगळा. त्या काळात ट्राउट इतके बेभान होऊन खातात, की गळ टाकणारा कितीही अनाडी असला तरी मासा लागतो. म्हणून इंग्रज गळवाले त्या दिवसांना ‘अनाड्यांचा पंधरवडा’ अशा अर्थाचं नाव देतात. पाण्यावर तरंगणारी खोटी माशी टाकून मासा पकडायची पूर्ण विद्या एकोणिसाव्या शतकात या नद्यांवरच घडली. पाणी स्वच्छ, म्हणून मासा दिसतो. आणि माशाला आपण दिसतो.

बाकी पाणमांजर आहे, खंड्या आहे, वॉटर व्होल नावाचा गुबगुबीत पाणउंदीर आहे. टाचणीची एक दुर्मीळ निळी जात इचेन-टेस्टच्या काठच्या कुरणांत टिकून आहे. पांढऱ्या नांग्यांचा स्थानिक क्रेफिश होता, तो आता फार कमी ठिकाणी उरलाय, कारण १९७० च्या दशकात खाण्यासाठी पाळायला आणलेला अमेरिकन क्रेफिश निसटला आणि सोबत रोग घेऊन आला. तो स्वतः रोगाने मरत नाही, स्थानिक मात्र मरतो.

माणसानेही या स्थिरपणाचा फायदा उठवलाच. वॉटरक्रेस नावाची तिखट पालेभाजी आहे, आपल्या आळिवाच्या कुळातली. ती थंडीतही न गोठणाऱ्या झऱ्याच्या पाण्यात वाढते. १८०८ मध्ये केंट परगण्यात विल्यम ब्रॅडबेरीने तिची व्यापारी शेती सुरू केली. पुढे हॅम्पशायरच्या ऑल्सफर्डहून ही भाजी रेल्वेने लंडनला जायची, म्हणून त्या मार्गाला आजही वॉटरक्रेस लाइन म्हणतात.

आणि एक धागा थेट आपल्या खिशापर्यंत येतो. कागद बनवायला स्वच्छ, एकसारखं पाणी लागतं. टेस्ट नदीवर लॅव्हरस्टोक नावाच्या गावात पोर्टल घराण्याची कागद गिरणी होती. १७२४ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद पोर्टल घराण्याकडून जायचा. १८६१ च्या कायद्यानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेली ती पहिली मालिका, दहा रुपयांपासून हजारापर्यंत. तिचा हाताने बनवलेला कागदही याच पोर्टलच्या लॅव्हरस्टोक गिरणीचा. म्हणजे मुंबईच्या पेढीवर मोजल्या गेलेल्या पहिल्यावहिल्या सरकारी नोटा खडूच्या पाण्यात तयार झाल्या होत्या. त्या गिरणीत आता काय आहे? २०१४ पासून जिनची भट्टी. ब्रँडचं नाव बॉम्बे सॅफायर. योगायोग आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

बरं, आता कोरडेपणाकडे येऊ. इथे एक गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढे गेलो तर गैरसमज होईल.

खडूच्या नदीचा अगदी वरचा भाग दरवर्षी कोरडा पडतो, आणि ते नैसर्गिक आहे. हिवाळ्यात भूजल वर येतं, उगम दरीत वर सरकतो. उन्हाळा-शरदात भूजल उतरतं, उगम खाली सरकतो. म्हणजे या नदीचा उगम हा नकाशावरचा ठिपका नाही, तो वर्षभर मागेपुढे फिरतो. या हंगामी भागाला ‘विंटरबोर्न’ म्हणतात, म्हणजे हिवाळ्यातला ओढा. डॉर्सेट-विल्टशायरमध्ये कितीतरी गावांच्या नावात हा शब्द आहे. स्टोनहेंजजवळचं विंटरबोर्न स्टोक घ्या. आणि या येण्याजाण्याला सरावलेले जीवही आहेत. स्टोनफ्लाय आणि मेफ्लायच्या काही जाती खास अशाच ओढ्यांत सापडतात. कोरडेपणात मासे नसतात, हीच त्यांची सोय.

मग ‘नदी कोरडी पडली’ अशी ओरड कोणी केली, तर पाणी कंपन्यांना सांगायला सोपं जातं, की अहो, ती पडतेच. प्रश्न विचारायचा तो असा : उगम किती खाली सरकला, आणि किती महिने तिथेच राहिला? पूर्वी बारमाही असलेला भाग हंगामी झाला का? आणि हंगामी होता तो कायमचा रस्त्याकडेचा खड्डा झाला का?

लंडनच्या उत्तरेला चिल्टर्नच्या टेकड्यांत चेस, मिस्बोर्न, व्हर अशा छोट्या नद्या आहेत. त्यांच्याबाबतीत नेमकं हेच झालं. दक्षिण-पूर्व इंग्लंडच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा खडूच्या थरातून उपसला जातो. का? तर ते पाणी आधीच गाळलेलं, थंड, जवळजवळ तयार. धरण बांधायला नको, फार शुद्धीकरण नको. बोअर मारा, पंप लावा, क्लोरीन घाला, द्या नळाला. वॉटफर्ड, ल्यूटन, स्विंडन ही शहरं वाढत गेली तसा उपसा वाढला. माणशी रोजचा वापर आज साधारण १४० लिटर. आणि पंप नदीत दिसत नाही, तो एखाद्या शेताच्या कोपऱ्यात विटांच्या खोलीत असतो. नदीला कुणी हात लावलेला नाही, तरी ती जाते. आपल्याकडच्या विहिरीच्या शेजारी पाचशे फुटांचं बोअर पडलं की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं समजवायला नको.

केनेटचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, आणि रेडिंगच्या ताईंच्या कामाचंही, कारण केनेट त्यांच्याच गावात थेम्सला मिळते. केनेटच्या खोऱ्यात ॲक्सफर्ड इथे उपसलेलं पाणी स्विंडनला जायचं. वापरून झालं, मलशुद्धीकरण केंद्रात गेलं, तिथून रे नावाच्या दुसऱ्याच नदीत. हिशेबाच्या वहीत पाणी ‘परत’ गेलं. थेम्सच्या खोऱ्यातच गेलं की! पण केनेटच्या वाट्याला काही आलं नाही. काठच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या फार्मूर जलाशयातून स्विंडनला पाणी नेणारी पाइपलाइन सुरू झाल्यावर ॲक्सफर्डचा उपसा कमी झाला. व्हरवर त्याच्या कितीतरी आधी, १९९३ मध्ये, फ्रायर्स वॉश इथला पंप बंद झाला आणि वरच्या भागात पाणी परतलं. म्हणजे उपाय लागू पडतो, यात शंका नाही.

पाणी परतलं म्हणजे नदी परतली का? इथे तो खडीचा मुद्दा पुन्हा येतो. पाणी ओसरलं की प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, वॉटर क्रोफुट जातं, त्याच्या जागी शेवाळ. शिवाय गेल्या शतकांत गिरण्यांसाठी नद्या वळवल्या, पुराच्या भीतीने तळ खरवडून खोल केला. सह्याद्रीतली एखादी नदी असती तर दोन-चार पावसाळ्यांत स्वतःच तळ उलथापालथा करून घेतला असता. खडूची नदी सौम्य आहे, तिला पूर येत नाही, म्हणून तिला स्वतःला दुरुस्तही करता येत नाही. हिमयुगाने दिलेली खडी एकदा काढलीत की नवी येत नाही. म्हणून आता माणसंच ट्रकने खडी आणून टाकतात, ओंडके खिळवून प्रवाहाला वळणं देतात.

दुसरं दुखणं विषाचं. २०१३ मध्ये केनेटमध्ये मार्लबरोजवळ क्लोरपायरीफॉस शिरलं, सांडपाण्याच्या वाटेने. हेच औषध आपल्याकडे वाळवीसाठी आणि शेतात फवारायला वापरतात. प्रमाण अगदी थोडं होतं, पण सुमारे १५ किलोमीटरमधले किडे आणि कोळंबीसारखे जीव संपले. मलशुद्धीकरण केंद्रांतून येणारं फॉस्फेट हे त्याहून संथ विष आहे. त्याने शेवाळ माजतं आणि ऊन तळापर्यंत पोचत नाही.

पण मला झोप लागू देत नाही ती नायट्रेटची गोष्ट. मघाशी म्हटलं की हिवाळ्यात पाऊस पडला की काही आठवड्या-महिन्यांत नदी वाढते. मग पावसाचा थेंब महिन्याभरात नदीत पोचतो का? नाही. खडूच्या बारीक छिद्रांतून पाणी वर्षाला साधारण एक मीटर खाली उतरतं. नदी वाढते ती दाबामुळे. रांगेत मागे एक माणूस घुसला की पुढचा एक दारातून आत ढकलला जातो, तसं. आज आत गेलेला माणूस किती वर्षांपूर्वी रांगेत लागला होता? भूजल जमिनीखाली ४० मीटरवर असेल, तर चाळीस वर्षांपूर्वी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने कुरणं नांगरली, शेतात खतं ओतली. तेव्हाचं नायट्रेट अजून उतरतंय. उद्या सकाळी सगळ्यांनी खत बंद केलं तरी आपल्या हयातीत ते उतरत राहणार. जुन्या कोडमधला दोष आज सापडतो आणि लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला असतो, तशातला प्रकार. फक्त इथे पॅच नाही.

एकूण प्रकृती कशी आहे? डब्ल्यूडब्ल्यूएफने २०१४ मध्ये पाहणी मांडली, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त खडूच्या नद्या ‘चांगल्या’ म्हणायच्या कसोटीला उतरल्या नव्हत्या. २०२१ मध्ये नदीसंस्था, सरकारी यंत्रणा, पाणी कंपन्या असे सगळे एकत्र बसून त्यांच्या पुनरुज्जीवनाचा राष्ट्रीय आराखडा निघाला.

त्या चर्चेत एक कल्पना आहे, ती इंजिनियर म्हणून मला फार आवडली. आज आपण काय करतो? डोंगरातल्या उगमाजवळ बोअरने पाणी काढतो, नळाने शहराला देतो. ही मंडळी म्हणतात, उगमाजवळचा उपसा थांबवा. ते पाणी नदीला द्या. नदी ते वाहून खाली आणेल, लंडनजवळ. तिथे मोठे जलाशय आहेतच, तिथे उचला आणि पाइपने वरच्या गावांना परत पाठवा. पाणी जवळजवळ तेवढंच, ग्राहक तेच, फक्त आधी नदीतून जाऊ दे. पाइपलाइनच्या जागी नदी. कल्पनेचं नावही ‘आधी खडूच्या नद्या’ अशाच अर्थाचं आहे.

अडचणी आहेतच. पंप थांबवला की नदीला पाणी मिळतं, पण ते हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी, म्हणून साठवण हवी. पाणी उलटं वर चढवायचं तर वीज आणि पाइप दोन्हींचा खर्च. तो शेवटी पाणीपट्टीतच येणार. आणि एक अडचण कागदावर चटकन दिसत नाही. पन्नास-साठ वर्षं उपसा चालू असताना भूजल खाली गेलेलं होतं. त्या काळात दऱ्यांच्या तळाशी घरं झाली, तळघरं झाली, जुन्या नदीच्या वाटेवर बागा झाल्या. तिथल्या लोकांनी तिथे नदी कधी पाहिलेलीच नाही. पंप बंद झाला की पाणी आपली जुनी पातळी शोधत वर येतं, जमिनीखालून, कुठलीही भिंत न ओलांडता, आणि तळघराच्या फरशीतून उगवतं. त्यामुळे एखादा पंप बंद करायच्या आधी आता दरीतल्या प्रत्येक तळघराची उंची मोजावी लागते.

ताई, किटलीसाठी लिंबाची फोड घालून उकळलंत तरी चालेल, वास कमी येतो. आणि केनेटच्या काठाने कधी वर गेलात, तर मे-जूनमध्ये जा. पांढरी फुलं दिसली का, कुठल्या गावापर्यंत दिसली, ते मला कळवा.